कोंडीरामची उतरणी

यास्मिन नालबंदबद्दल पुण्यात बऱ्याच गोष्टी सांगितल्या जातात. त्यातल्या निम्म्या तिच्या भावाने पिकवलेल्या आहेत. उरलेल्या निम्म्या अशा लोकांनी पसरवल्या आहेत, ज्यांना त्या दिवशी आपण वाघोलीत हजर होतो असं उगाचच वाटतं. मी खरोखर हजर होते. हातात लाल झेंडा घेऊन उन्हात उभी होते आणि नाकाची साल निघाली होती. तेव्हा ही हकीकत सांगायचा हक्क माझा आहे, तो मी दुसऱ्या कोणाला देणार नाही.

आमची ड्रॅगन अकादमी नगर रस्त्यावर, वाघोलीच्या जुन्या दगडखाणींमध्ये. सैन्याला ड्रॅगन ठेवायला शहराजवळ जागा हवी होती, आणि जिथे कोणी सोसायटी बांधणार नाही अशी तेवढी एकच जागा तेव्हा उरली होती. आता तिथेही बांधल्या आहेत आणि गच्चीतून ड्रॅगन दिसतो म्हणून जाहिरात करतात. ड्रॅगनला पाठीवर जास्त वजन चालत नाही, म्हणून स्वार म्हणून मुली घ्यायचं ठरलं. वर्तमानपत्रांनी याला स्त्रीशक्तीचा विजय म्हटलं. खरं तर तो वजनकाट्याचा विजय होता.

हे सगळं एकोणीसशे नव्याण्णवचं. सदाशिव पेठेतली माझ्या वयाची झाडून सगळी मुलं कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. दोन हजार साल उजाडलं की अमेरिकेतल्या मशिनींचं कसं होणार, या काळजीने आमच्या गल्लीत कोणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मी अकादमीत गेले, कारण आमचे बाबा म्हणाले, "तुला ते जमायचं नाही." ते बरोबर होते. एकाही ड्रॅगनने मला पाठीवर बसू दिलं नाही. एकाने तर माझ्याकडे पाहून जांभई दिली. मग मला जमिनीवर झेंडे दाखवायच्या कामाला लावलं. वर्षभर मी तेच केलं आणि नंतर गुपचूप कॉम्प्युटरच्या क्लासला गेले.

यास्मिन माझ्या खोलीत राहायची. बुधवार पेठेतल्या मेहताब ब्रास बँडची ही मुलगी. पणजोबा वरातीच्या घोड्यांना नाल ठोकायचे, आजोबांनी घोड्यापुढे वाजवायला सुरुवात केली, आणि वडील, म्हणजे रियाज मास्तर, क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्या घरात प्रत्येक पुरुषाच्या खांद्यावर सोनेरी झालर होती आणि सैन्यात एकही जण गेला नव्हता. यास्मिन पहिली.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मास्तर एका लग्नातून तसेच तिला सोडायला आले. लाल कोट, छातीवर पिवळे गोंडे, टोपीला तुरा. फाटकावरच्या शिपायाने असा कडक सलाम ठोकला की धूळ उडाली. नेमके त्याच वेळी आमचे कमांडंट, कर्नल शरच्चंद्र घारे, बाहेर येत होते. कर्नल साहेब शिस्तीचे इतके पक्के, की ते शिंकायच्या आधी आजूबाजूला कोण वरिष्ठ आहे ते पाहायचे. त्यांनीही सलाम केला आणि अदबीने विचारलं, "प्रवास कसा झाला, सर?"

"बस वेळेवर मिळाली," मास्तर म्हणाले.

मग मास्तर वळले, आणि त्यांच्या कोटाच्या पाठीवर जरीत भरलेली अक्षरं कर्नलना दिसली. 'मेहताब ब्रास बँड. लग्नकार्यासाठी भेटा.'

दुसऱ्या दिवशी फाटकावर सूचना लागली: सैनिकी गणवेशाशी साधर्म्य असलेला पोशाख करून बाहेरच्या व्यक्तींनी आत येऊ नये. मास्तरांनी ती वाचली. "आमचा बँड यांच्या अकादमीच्या आधीचा आहे," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. लेकीला भेटायला आले की रस्त्यापलीकडच्या रसवंतीत बसायचे, आणि यास्मिन तिथे जाऊन त्यांच्याबरोबर उसाचा रस प्यायची. कर्नलचा तिला राग नव्हता, वडिलांचाही नव्हता. ती मधल्या मध्ये रस्ता ओलांडत राहिली.

आता कोंडीराम. कागदोपत्री त्याला नुसता नंबर होता. पण ड्रॅगनांची निगा राखणारा दत्तोबा वाघोलीचाच. त्याच्या हाताखाली आधीची अंडी जगली नाहीत. मूल जगत नसलं की पुढच्याचं नाव मुद्दाम साधंसुधं, कोंड्याबिंड्यावरून ठेवतात, म्हणजे कोणाची नजर जात नाही. दत्तोबाने ड्रॅगनलाही तोच न्याय लावला. "आदीची ग्येली, साहेब," तो कर्नलना म्हणाला, "म्हनून ह्यो कोंडीराम." कर्नलनी त्याचं नाव 'वज्र' ठेवायचं ठरवलं होतं. पण वज्र म्हणून हाक मारली की तो इकडेतिकडे बघायचा, जणू दुसऱ्या कोणाला बोलावताहेत.

कोंडीराम दिसायला दांडगा, हिरवट तांबूस, आणि स्वभावाने भित्रा. उडायला तयार, उतरायला नाही. अकादमीची पद्धत अशी, की बिगुल वाजला की ड्रॅगनने खाली यायचं. कोंडीराम बिगुल ऐकला की आणखी वर जायचा. पहिल्या उड्डाणाला यास्मिन त्याच्या पाठीवर होती, आणि दोघं खाणीवरच्या आभाळात नुसते गरगरत होते. घाबरून तिने लहानपणापासून जे केलं तेच केलं. शिट्टी वाजवली. आणि शिट्टीवर जी चाल आली ती 'उतरणी'.

उतरणी ही रियाज मास्तरांची स्वतःची चाल. मारुतीच्या पाया पडून वरात निघाली, नाचत थांबत कार्यालयापाशी पोचली, की नवरदेवाने घोड्यावरून कधी उतरायचं हे सांगायला ती वाजायची. पुण्यातल्या मधल्या पेठांमध्ये त्या चालीवर दोन पिढ्यांचे जावई घोड्यावरून उतरलेले आहेत. यास्मिन लहान असताना बॅटरीच्या हातगाडीवर बसून वरातीबरोबर फिरायची. उतरणी वाजली म्हणजे तिच्या लेखी काम संपलं, आता चपला काढायच्या, आता जेवायला मिळणार. त्या दिवशी आभाळात ती चाल ओठांवर येताच तिचे खांदे आपोआप सैल पडले. पाठीवरची मुलगी निवांत झाली हे कोंडीरामला कळलं, आणि तो अलगद खाली आला.

यास्मिनने मग डब्यातली भाकरी काढली, एक तुकडा त्याच्यावरून ओवाळला आणि बाजूला टाकला. वरात दारात आली की मुलीची आई असाच भाकरतुकडा ओवाळून टाकते, हे तिने जन्मभर पाहिलं होतं. उतरणीनंतर हे करायचंच असतं, अशी तिची समजूत. कोंडीरामने तो तुकडा खाल्ला. तेव्हापासून त्याचीही तशीच समजूत झाली.

काही महिने हे बिनबोभाट चाललं. यास्मिन शिट्टी वाजवायची, कोंडीराम उतरायचा, आणि खाली कर्नलना वाटायचं की बिगुलाचा परिणाम. मी झेंडा घेऊन जवळच असायची, मला सगळं ऐकू यायचं. पण मला कोणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय माहिती देण्याची आमच्या पेठेत पद्धत नाही.

मग लग्नसराई आली. एका संध्याकाळी यास्मिन आणि कोंडीराम शहरावरून सरावाला गेले होते. खाली लक्ष्मी रस्त्यावर एक वरात कार्यालयापाशी पोचली आणि मास्तरांनी क्लॅरिनेट ओठाला लावलं. कोंडीरामने चाल ओळखली. यास्मिनने लगाम ओढला, ओरडली, हातापाया पडली. तो आज्ञाधारकपणे नवरदेवाच्या शेजारी उतरला.

घोडा नवरदेवाला टाकून पळाला, तो नंतर सारसबागेपाशी सापडला. मुलाच्या काकांनी मुलीच्या काकांना हळूच विचारलं, "हे तुमच्याकडून आहे का?"

"आम्हाला वाटलं तुमच्याकडून."

मुलीची आई ताम्हन घेऊन दारात उभीच होती. तिने आधी कोंडीरामवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग जमिनीवरून उठून कपडे झटकणाऱ्या जावयावरून. "मोठा पाहुणा आधी," ती म्हणाली. कोंडीरामने दोन्ही तुकडे खाल्ले. रियाज मास्तर क्लॅरिनेट हातात धरून नुसते बघत होते. आपली मुलगी ड्रॅगनवरून फिरते हे त्यांना ठाऊक होतं, पण आपल्या चालीवर ड्रॅगन उतरतो हे त्या दिवशी कळलं. त्यांचे डोळे भरून आले, असं आमीर म्हणतो. आमीर म्हणजे तिचा भाऊ. या एका बाबतीत मी त्याच्यावर विश्वास ठेवते.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत फोटो. कर्नलनी यास्मिनला बोलावलं. झेंडेवाली म्हणून साक्षीला मलाही उभं केलं.

"नालबंद, तो ड्रॅगन कोणाचा?"

"सैन्याचा, सर."

"मग तो बँडचं का ऐकतो?"

यास्मिनने आणि कर्नलनी दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"उद्या युद्ध सुरू असताना शत्रूच्या बाजूला कोणाचं लग्न निघालं तर?" कर्नल म्हणाले. "ते काही नाही. अंतिम परीक्षेपर्यंत तो बिगुलावर उतरायला शिकला पाहिजे. तुम्ही ती शिट्टी वाजवायची नाही. आणि शहरात ती चाल वाजता कामा नये, नाहीतर तो विसरणार कसा? हे जमणार नसेल तर कोंडीराम दुसऱ्या मुलीकडे देतो. तुम्ही घरी."

"सर, ती अब्बांची चाल आहे."

"नालबंद, तुम्हाला ठरवावं लागेल. अकादमी की बँड."

बाहेर येऊन ती खाणीच्या काठावर बसली. खाली कोंडीराम ऊन खात पडला होता, तिला बघून त्याने शेपूट हलवलं. तो दुसऱ्या कोणाला पाठीवर बसू द्यायचा नाही. त्याला सोडून जायच्या कल्पनेने ती रडली, अगदी नाक पुसत पुसत रडली. मीही रडले, पण मला उन्हाचाही त्रास होत होता.

रविवारी ती घरी निघाली, मला बरोबर ओढलंन. मेहताब बँडची खोली जिन्याखाली. भिंतीवर ट्रम्पेट, ढोल, एक चेपलेला मोठा भोंगा. आणि निम्मी खोली अडवून आमीरचे नवे स्पीकर, माणसाच्या उंचीचे. आमीर शेजारच्याच इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कामाला होता. कॉम्प्युटर कंपन्यांतल्या नवरदेवांना आता बँड नको, डीजे हवा असतो, हे तो वडिलांना रोज ऐकवायचा. ते खरंही होतं. बँडची वाजवणारी माणसं एकेक करून दुसऱ्या कामाला लागली होती. पण अजूनही, डीजे लावलेल्या वरातीतसुद्धा, शेवटी कोणीतरी म्हातारं माणूस म्हणायचं, "ते सगळं ठीक, पण उतरायला मास्तर पाहिजेत." तेवढ्यासाठी मास्तरांना बोलावणं यायचं. उतरणी गेली तर मास्तरांकडे क्लॅरिनेट आणि कोट सोडून काही उरणार नव्हतं. हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

यास्मिनने मान खाली घालून सगळं सांगितलं. सांगताना ती भांडायच्या तयारीने बसली होती. अब्बा चिडतील, मग आपण चिडू, मग काहीतरी मार्ग निघेल.

"ठीक आहे, बेटा," मास्तर म्हणाले. "नाही वाजवणार. शब्द दिला." आणि क्लॅरिनेट उघडून पुसायला बसले.

तिची आई, अख्तरबानू, चहा घेऊन आली होती. ती तशीच दारात थांबली. "लग्नालासुद्धा एवढ्या लवकर हो म्हणाले नव्हते," ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये यास्मिन खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गद्रे, अब्बा भांडले असते तर बरं झालं असतं गं."

त्या लग्नसराईत उतरणी वाजली नाही. लोकांना आधी कळलंच नाही काय चुकतंय ते. नारायण पेठेत एक नवरदेव कार्यालयाच्या दारात घोड्यावर नुसता बसून राहिला. सासरे म्हणाले उतरा, मित्र म्हणाले एवढ्यात नको, करवल्या आत जाऊन बसल्या. शेवटी घोडेवाल्याने त्याला धरून उतरवला. मुहूर्त टळला तो टळलाच. मास्तर घराबाहेर पडत नव्हते, आमीरचे स्पीकर मात्र जोरात होते.

इकडे कोंडीरामची बिगुलाची शिकवणी सुरू झाली. पहिले काही दिवस तो बिगुल वाजला की दत्तोबाच्या मागे लपायचा, म्हणजे डोकं लपवायचा, बाकीचा डोंगर बाहेर. यास्मिन त्याला चुचकारायची, रागवायची, अबोला धरायची. शिट्टी मात्र तिने एकदाही वाजवली नाही. हळूहळू तो बिगुलावर उतरायला लागला. कर्नलनी स्वतः येऊन पाहिलं आणि खूश झाले. "बघा," ते मला म्हणाले, "शिस्त." कोंडीराम जमिनीवर बसून यास्मिनच्या हाताकडे बघत होता. बिगुलानंतर भाकरतुकडा देण्याची नियमात तरतूद नव्हती.

परीक्षेच्या दिवशी दिल्लीहून मोठे जनरल आले. मांडव, खुर्च्या, पालकांना नावानिशी जागा. अख्तरबानू आणि आमीर वेळेवर आले आणि एक खुर्ची मध्ये सोडून बसले. खुर्चीवर कागद चिकटवलेला होता: श्री. रियाज नालबंद.

"मास्तर?" मी विचारलं.

"म्हणाले, गणवेशाशिवाय मी समारंभाला जात नाही," अख्तरबानू म्हणाल्या, "आणि गणवेशात तिथे घेत नाहीत."

एकेक ड्रॅगन वर गेला, बिगुल वाजला, खाली आला, टाळ्या पडल्या. शेवटी कोंडीराम. सुरेख उडाला. मांडवावरून एक फेरी मारली, उन्हात नुसता चकाकला. मी लाल झेंडा उंच केला, बिगुल वाजला. कोंडीराम डाव्या पंखावर कलला, आता उतरणार म्हणून मी झेंडा खाली घ्यायला लागले, आणि तो पुन्हा सरळ झाला नि वर गेला.

दुसरा बिगुल. तो आणखी वर. तिसऱ्याला तर कर्नलनी बिगुलवाल्याकडे असं काही पाहिलं की त्याचा सूरच फाटला.

"हे कार्यक्रमात आहे का?" जनरलनी विचारलं.

"होय, सर," कर्नल म्हणाले. "सहनशक्तीचं प्रात्यक्षिक."

चहा झाला. बिस्किटं झाली. कोंडीराम घिरट्या घालत होता. पुन्हा चहा झाला. जनरल मान वर करून करून थकले आणि म्हणाले, "सहनशक्ती पुरेशी दिसली."

कर्नल भोंगा घेऊन मैदानात गेले. "नालबंद! खाली या!" कोंडीरामने आणखी एक घिरटी घातली. दत्तोबाला बोलावलं. तो म्हणाला, "गर्दी बगून बुजलाय, साहेब. आता त्यो त्याच्या वळखीच्या चालीबिगर यायचा न्हाई." कर्नलचा चेहरा पाहवत नव्हता. सरकारी ड्रॅगन, वर एक मुलगी, खाली दिल्लीचे पाहुणे, आणि नियमावलीत यावर एक ओळ नाही. ते माझ्याजवळ आले आणि ओठ न हलवता म्हणाले, "गद्रे, तुमच्याकडे गाडी आहे ना?"

माझी कायनेटिक त्या दिवशी जी पळाली तशी पुन्हा कधी पळाली नाही. मास्तर बनियनवर बसले होते. सगळं ऐकून त्यांनी आधी विचारलं, "पोरगी ठीक आहे ना?"

"ठीक आहे. खाली येत नाहीये. कर्नलसाहेबांनी तुम्हाला बोलावलंय."

"त्यांनी स्वतः?"

"स्वतः."

"थांब मग." आणि त्यांनी पेटीतून लाल कोट काढून अंगात घातला. गुंड्या पुसल्या. गोंडे सरळ केले. टोपीचा तुरा विंचरला.

"मास्तर, ती वर आहे!" मी किंचाळले.

"वर आहे म्हणूनच. तेवढ्या उंचीवरून ओळखू यायला नको?"

येरवड्याच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने मला विचारलं, "साहेबांना बंदोबस्ताला नेताय का?" मी हो म्हटलं.

फाटकावर शिपायाने सूचनेचा बोर्ड पाहिला, मास्तरांकडे पाहिलं, आणि सलाम ठोकला. मांडवात आम्ही शिरलो तेव्हा जनरल अर्धवट उठले. ते उठले म्हणून सगळे उठले. मास्तर संथपणे चालत मैदानाच्या मधोमध गेले आणि मान वर करून बघितलं. कोंडीराम आभाळात चिमणीएवढा दिसत होता.

"वाजवा," कर्नल दबक्या आवाजात म्हणाले.

"असं कसं?" मास्तर म्हणाले. "मी न वाजवण्याचा शब्द दिलाय. आणि उतरणी आपणहून वाजत नाही, साहेब. ती मागावी लागते. मुलीकडच्या मोठ्या माणसाने पुढे येऊन सांगायचं असतं, की आता उतरवा. तशीच रीत आहे."

"इथे मुलीकडचे कोण?" कर्नलनी चिडून विचारलं. "मुलीचे वडील तर तुम्हीच आहात!"

"मी बँड. बँड कोणाच्याच बाजूचा नसतो." मास्तरांनी क्लॅरिनेट काखेत धरलं. "पोरगी तुम्ही नेलीत, साहेब. तुमचा गणवेश घातलात तिला. अकादमी की बँड विचारलंत, तिने अकादमी म्हटलं. मी काही बोललो नाही. आता ती तुमची. म्हणजे मुलीकडचे तुम्ही."

मी बाहीने डोळे पुसले, आणि ते उन्हामुळे नव्हतं. कर्नल घाऱ्यांनी टोपी नीट केली, एक पाऊल पुढे टाकलं आणि म्हणाले, "मास्तर, आता उतरवा."

"जरा मोठ्याने. वरपर्यंत गेलं पाहिजे."

"मास्तर!" कर्नल गरजले, सगळ्या खाणीत आवाज घुमला. "आमच्या मुलीला उतरवा!"

मास्तरांनी उतरणी वाजवली. बँड नाही, ढोल नाही, एकटं क्लॅरिनेट. मी ती चाल शंभर वेळा शिट्टीवर ऐकली होती, पण ती एवढी सुंदर आहे हे मला माहीत नव्हतं. कोंडीराम पहिल्या ओळीलाच वळला, दुसरीला पंख मिटायला लागला, आणि शेवटच्या सुराला मास्तरांच्या पुढ्यात असा बसला की धूळसुद्धा उडाली नाही. मग त्याने मान लांब करून कर्नलकडे पाहिलं. पाहतच राहिला.

"आता काय?" कर्नल म्हणाले.

"भाकरतुकडा," मी, दत्तोबा आणि अख्तरबानू एकदम म्हणालो.

दत्तोबाने फडक्यातली भाकरी पुढे केली. कर्नल शरच्चंद्र घारे यांनी दिल्लीच्या जनरलसमोर ड्रॅगनवरून भाकरीचा तुकडा ओवाळला आणि डाव्या बाजूला टाकला. उजवीकडे टाकतात, पण कोणी बोललं नाही. कोंडीरामने चालवून घेतलं.

यास्मिन उतरली. समोर दोन गणवेश शेजारी शेजारी उभे होते. तिने टाचा जुळवून कडक सलाम केला. तो कोणाला केला यावर अजून वाद आहे. कर्नल म्हणतात मला, मास्तर म्हणतात मला. मी समोरच होते. तिची नजर बरोबर दोघांच्या मधोमध होती.

जनरल खूश होऊन गेले. हे सगळं आधीपासून बसवलेलं आहे, असं त्यांचं शेवटपर्यंत मत राहिलं. उतरणी नियमावलीत गेली. बिगुलावर ते सूर निघतच नाहीत असं कळल्यावर क्लॅरिनेटवाल्याची जागा निर्माण झाली. मेहताब बँड पुढे बंद पडला, त्या खोलीत आता आमीरचे स्पीकर आहेत. मास्तर मात्र रोज संध्याकाळी वाघोलीच्या बसने अकादमीत येतात आणि ड्रॅगन उतरवतात. लाल कोट घालूनच. पाठीवरचं 'लग्नकार्यासाठी भेटा' काढायला त्यांनी साफ नकार दिला.

मी हिंजवडीत नोकरी करते, काचेच्या इमारतीत. कधी फार वैताग आला की रजा टाकून वाघोलीला जाते. मागे एकदा अशीच गेले. यास्मिन आता नव्या मुलींना शिकवते. आम्ही त्याच रसवंतीत बसलो होतो आणि मी बरीच वर्षं मनात असलेलं विचारलं.

"त्या दिवशी वर ऐकणारं कोणी नव्हतं. हळूच शिट्टी मारली असतीस तर?"

"शिट्टीची गरजच नव्हती," ती म्हणाली. "पहिल्याच बिगुलाला निघाला होता तो उतरायला. चांगला शिकला होता. मीच गुडघे आवळले."

माझ्या हातातला रस सांडला. "अगं, कोंडीराम गेला असता हातचा! नापास झाली असतीस!"

"माहीत होतं ना. केवढी रडत होते मी वर." तिने पेल्यातला बर्फ हलवला. "पण वरून सगळं दिसतं, गद्रे. खुर्च्या दिसत होत्या, मधली रिकामी. बिगुलावर उतरले असते तर टाळ्या पडल्या असत्या, पदक मिळालं असतं. पण मग अब्बांना बोलवायला कोण गेलं असतं?"

समोर संध्याकाळची बस थांबली, पुढे गेली, आणि फाटकावरच्या शिपायाने कडक सलाम ठोकला.